सफरचंदवाल्यांचा किल्ला

टोकियोत निशि-कासाईला आमच्या गल्लीतली साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, एप्रिलच्या सुरुवातीलाच गळून जातात. ज्यांची हौस तेवढ्यानं फिटत नाही, ते महिनाअखेरीस उत्तरेची वाट धरतात. शिन-आओमोरीपर्यंत शिंकानसेन, पुढे साधी गाडी, की आलं हिरोसाकी.

इथला किल्ला १६११ चा. आमच्या नळदुर्गात बोरी नदीच्या बंधाऱ्यात पाणीमहाल बांधला गेला तो १६१३ मध्ये. तिथले नर-मादी धबधबे पाहिलेल्या माणसाला हिरोसाकीचा तीन मजली मनोरा किरकोळच वाटणार. मूळचा पाच मजली मनोरा १६२७ मध्ये वीज पडून जळाला, आताचा १८१० चा. खालची दगडी भिंत फुगली म्हणून २०१५ मध्ये तोही अख्खाच्या अख्खा सत्तर-एक मीटर सरकवला. पण लोक येतात ते मनोऱ्यासाठी नव्हे, साकुराच्या २६०० झाडांसाठी. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, डबे उघडायचे, आल्यागेल्याला बोलवायचं. थेट आपली येळवस, वेळ अमावस्येचं शेतातलं जेवण. फक्त अंबिलीच्या जागी साके.

ही झाडं सुखासुखी लागली नाहीत. सरंजामशाही संपल्यावर किल्ला ओस पडला. किकुची ताते-ए या माजी सामुराईनं १८८२ मध्ये तिथं हजार रोपं लावली, तर त्याचेच जुने जातभाई खवळले. किल्ल्यात कसली मौजमजा, म्हणत त्यांनी रोपं मोडली, उपटली. त्या सालचं एक झाड अजून फुलतं. सोमेई-योशिनो या साकुराच्या जातीचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतात. इथं शंभरी ओलांडलेली तीनशेहून जास्त झाडं आहेत.

त्याचं कारण कात्री. साकुरा छाटणारा मूर्ख, अशी जपानी म्हण आहे. कापलेल्या जागी झाड कुजतं. पण जपानची निम्म्याहून अधिक सफरचंदं या आओमोरीत पिकतात आणि किकुची स्वतः सफरचंद लागवडीतला अग्रणी. इथल्या माळ्यांनी म्हण बाजूला ठेवली आणि सफरचंदाची छाटणी साकुरावर चालवली. जुनी फांदी काढायची, नव्या फुटीला वाव द्यायचा, बहर सरला की खत घालायचं. एरवी एका कळीतून तीन-चार फुलं निघतात, इथं चार-पाच. गुच्छ दाट दिसतो तो त्यामुळं.

मी गावी, बेंबळीला, फोन लावला. आमच्या द्राक्षबागेत खरड छाटणी चालू होती. बाबांनी फुलांचं काही विचारलं नाही.

"कापल्यावर पेस्ट लावतेत का?"

"लावतेत की. बुरशीचं औषधच असतंय."

"मग जगतंय झाड."

बहरात यायचं तर राहायची सोय काही महिने आधीच करून ठेवा. बहर हुकला तरी हळहळू नका, खंदक पाकळ्यांनी भरतो तो त्यानंतरच. आणि घरी बाग असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. छाटणी तेव्हा चालते, गर्दी नसते, बर्फ मात्र गुडघाभर असतो.