मान मोडून

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर पेपरांचा गठ्ठा घेऊन आम्ही सहावीची मराठीची चाचणी तपासत होतो. सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणं हे आमचं काम. लहानपणापासून घरात स्वतःला 'हम' म्हणायची सवय आहे. मराठी लिहायला बसलो की तोच 'हम' 'आम्ही' होऊन येतो. त्यात मोठेपणा काही नाही.

प्रश्न वाक्प्रचाराचा होता. 'मान मोडून काम करणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' पुस्तकातला अर्थ, खूप कष्ट करणे. एका मुलीनं अर्थ लिहिलाच नव्हता, नुसतं वाक्य लिहिलं होतं : 'माझी अम्मी मान मोडून बिड्या करते म्हणून तिची मान दुखते.' आम्हाला हसू आलं. लाल पेनानं अर्धा गुण दिला, बाजूला 'अर्थ लिही' असा शेरा मारला आणि पेपर डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवायला वळलो. मानेत उजव्या बाजूला कचकन काहीतरी धरलं. हातातला पेपर तसाच हातात राहिला.

सकाळी फजरच्या नमाजला उभं राहिलो. शेवटी सलाम फेरताना मान उजवीकडे जेमतेम वळली, डावीकडे तर वळेचना. सगळं अंग फिरवून सलाम पुरा केला. जानमाजवरच बसून राहिलो आणि पहिल्यांदा भीती वाटली.

आमच्या मोहल्ल्यात मान धरली असं नुसतं कळायचा अवकाश, प्रत्येक घरात एक हकीम तयार असतो. शेजारच्या खाला म्हणाल्या, 'नस चढी है.' कुणी म्हणालं, मणक्यात गॅप असेल. भावानं एका मालिशवालीचं नाव काढलं. ती म्हणे एका झटक्यात मान कडकन मोडून देते आणि माणूस उठून चालायला लागतो. त्या कडकन शब्दालाच आम्ही घाबरलो आणि मेडिकलमधून पट्टा आणला. गळ्याभोवती बांधायचा तो जाड पट्टा आम्ही तीन आठवडे वापरला. खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. वर्गात मुली गप्प बसायच्या, 'आपा को तकलीफ है' म्हणून एकमेकींना दटावायच्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी आपणहून चहा आणून द्यायचं. दुखण्याचीही एक इज्जत असते, ती आम्ही उपभोगली. पण तिसऱ्या आठवड्यात पट्टा काढला की तासाभरात डोकं पेलवेनासं व्हायचं. खांदे दगडासारखे झाले होते.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातांची ताकद पाहिली, बोटांत मुंग्या येतात का विचारलं, एक्स-रे काढला. मणक्यांत किंचित झीज दिसली तेव्हा आमचा चेहरा उतरला. ते म्हणाले, वयाबरोबर केस पांढरे होतात तसंच हे, मानेचं काहीही दुखणं नसलेल्या कित्येकांच्या एक्स-रेतही अशी झीज दिसते. तुमचं दुखणं स्नायूंचं आहे, फिजिओथेरपी करा.

फिजिओथेरपिस्ट ताई आमच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. पट्टा पाहून म्हणाल्या, 'मॅडम, मान दुखते म्हणून तिला बांधून ठेवलंत होय?' आम्ही म्हणालो, दुखरी जागा हलवू नये असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, 'हाड मोडलं तर न हलवणं ठीक. पण आखडलेला स्नायू न हलवल्यानं आणखी आखडतो आणि कमजोरही होतो.' मग त्यांनी आमचा दिवस विचारला. आम्ही एकेक सांगत गेलो आणि सांगता सांगताच ओशाळलो. पेपर मांडीवर. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची ती मोबाइलवर, मोबाइलही मांडीवर. वह्यांची पिशवी रोज उजव्याच खांद्याला. पोळ्या लाटताना फोन आला तर तो कान आणि खांद्याच्या मध्ये. झोपताना दोन उश्या.

त्यांनी हिशेब समजावून दिला. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. मानेच्या सात मणक्यांवर ते नीट तोललेलं असेल तर स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. पुढे झुकलं की ते पडू नये म्हणून मागचे स्नायू त्याला सतत ओढून धरतात. घरी येऊन आम्ही या विषयावर वाचलं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 साली याचं गणित मांडलं होतं. मान 60 अंशांत झुकली तर तिच्यावरचा भार 27 किलोंच्या आसपास जातो, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्ष माणसाच्या मानेवर केलेलं हे मोजमाप नाही, कागदावरचं गणित आहे. तरी आट्याची पाच किलोची पिशवी दोन्ही हात लांब करून पाच मिनिटं धरून पाहावी. गणित आपोआप समजतं.

व्यायाम अगदी साधे होते, इतके साधे की आम्हाला फसवलं जातंय की काय असं वाटलं. ताठ बसून हनुवटी न झुकवता सरळ मागे घ्यायची, पाच मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा. खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणायची आणि सोडायची. मान सावकाश उजवीकडे, मग डावीकडे वळवायची, ताण जाणवेल तिथवर, कळ येईल तिथवर नाही. कपाळाला तळहात लावून डोक्यानं हात ढकलायचा, हातानं डोकं अडवायचं. मान जागची हलू द्यायची नाही. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. रोज अर्धा तास चालणं. उशी एकच, मान आणि गादीमधली पोकळी भरेल एवढीच उंच. पालथं झोपायचं नाही. आणि कुणाकडूनही मानेला झटका देऊन घ्यायचा नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या मानेतूनच जातात. क्वचित का होईना, झटक्यानं त्यांना इजा होते. मालिशवालीला आम्ही घाबरलो ते बरंच झालं.

'आणि बसायचं कसं?' आम्ही वही काढून विचारलं. बी.एड.ची सवय, प्रत्येक गोष्टीचा पाठ काढायचा. त्या हसल्या. म्हणाल्या, पाठीला आधार हवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत, कागद डोळ्यांच्या जितका जवळ आणता येईल तितका वर हवा. पण अशी एकच बैठक नाही की जिच्यात तासन् तास बसलं तरी चालेल. अर्ध्या तासात बदलली नाही ती बैठक चुकीची, मग ती कितीही ताठ असो.

घरी रिहल होती. कुरआन शरीफ तिच्यावर ठेवून वाचताना आम्हाला कधी मान इतकी वाकवावी लागली नव्हती. तेच तत्त्व पेपरांना लावलं. टेबलावर एक जुनी फळी घेतली, तिची मागची कड उचलायला खाली 'फीरोज-उल-लुगात' ठेवली. एवढा जाड शब्दकोश कधी ना कधी आधाराला येणारच होता. उतरत्या फळीवर पेपर, दर पंधरा पेपरांनंतर उठून घरात एक फेरी. सहाव्या आठवड्यात एका सकाळी सलाम फेरताना मान दोन्ही बाजूंना वळली. नमाज ही इबादत आहे, कवायत नव्हे. पण आपण बरे झालो हे आम्हाला जानमाजवरच कळलं.

आमचं दुखणं इथं संपलं. पण त्याच सकाळी दाराजवळ अम्मी बसलेली दिसली, आणि रोज दिसणारी ती जणू पहिल्यांदा दिसली.

आमची अम्मी पस्तीस वर्षं बिड्या करते आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि रात्री भिजवून ठेवलेली, कात्रीनं कापलेली तेंदूची पानं. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. त्या हजारांतूनच आमची फी भरली गेली, आमचं बी.एड. झालं. ती म्हणायची, 'तू पढ, तेरेकू सूप नक्को.' आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, आणि त्या रात्री मांडीवर उशी, उशीवर गठ्ठा घेऊन हुबेहूब तिच्यासारखेच बसलो होतो. फक्त सुपाच्या जागी पेपर होते. आणि आमची मान तीन-चार महिन्यांत बोलली म्हणून शेक, डॉक्टर, फिजिओथेरपी सगळं झालं. तिची मान किती वर्षं बोलत असेल, ते आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

विचारलं तेव्हा तिनं सहज सांगितलं, डाव्या हाताची दोन बोटं वर्षभर बधिर आहेत, हातातून कात्री सुटते. तिला ते म्हातारपण वाटत होतं. ताईंनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की, हात बधिर होणं, पकड जाणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, पडल्या-आपटल्यानंतर किंवा तापाबरोबर मान धरणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम करत बसायचं नाही, आधी डॉक्टर. अम्मीला नेलं. मानेतली नस दबली होती. औषधं आणि तिच्यापुरते वेगळे व्यायाम सुरू झाले. डॉक्टर स्पष्ट बोलले : दुखणं कमी होईल, आणखी बिघडू नये एवढं पाहू, मान पूर्वीसारखी सरळ होणार नाही.

आता आम्ही घरात मास्तरकी सुरू केली. पाठीमागे भिंत, पाठीला उशी, मांडीखाली नाही तर सुपाखाली पाट. अम्मीनं ते ऐकलं. पण दर अर्ध्या तासाला उठ म्हटलं तेव्हा तिनं हात न थांबवता आमच्याकडे पाहिलं.

'बीड्यां गिनके पैसे मिलते बेटा, गर्दन देखके नई.'

आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. आम्ही वर्गात खडू ठेवून खिडकीशी गेलो तर पगार कापला जात नाही. तिचे पाच मिनिटं म्हणजे अमुक बिड्या आणि तेवढे पैसे. नीट बसा, मधून मधून उठा, हा सल्ला फुकट असतो. उठणं सगळ्यांना फुकट नसतं. शेवटी तडजोड झाली. 'बिड्या बंद कर' हे आम्ही म्हणायचं नाही, कारण ते तिच्या हातचे पैसे आहेत. तिनं हजाराऐवजी पाचशेच करायच्या आणि चार कट्टे बांधून झाले की भिंतीला डोकं टेकून खांदे मागे घ्यायचे. ती ते कुरकुरत करते. करते, हे महत्त्वाचं.

शाळेत मात्र आमच्या हातात काहीतरी होतं. बारा वर्षं आम्ही वर्गात एकच वाक्य सगळ्यात जास्त बोललो असू : 'हिलो मत, सर झुकाके लिखो.' मकतबात मुलं डोलत डोलत सबक पाठ करतात. शाळेत आल्यावर त्यांचं तेवढंही हलणं आम्ही बंद केलं. मुलींना तर मान खाली घालून बसणं हीच शराफत म्हणून शिकवलं. अदब हवीच. पण अदब नजरेत असते, बोलण्यात असते. त्यासाठी वाढत्या वयाची मान पाच-सहा तास वाकलेली कशाला हवी?

एके दिवशी आरोग्य तपासणीचा वजनकाटा शाळेत होता. त्यावर मुली आणि दप्तरं दोन्ही तोलली. शासनाच्या 2020 च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. 32 किलोच्या एका मुलीचं दप्तर निघालं सहा किलोंचं. हवं होतं तीन किलो दोनशे ग्रॅम. वेळापत्रकाप्रमाणे वह्या आणायच्या, दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायचं, एवढं ठरवलं. आणि प्रत्येक तासाच्या शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं. खांदे वर, मागे, खाली. मान सावकाश उजवीकडे, सावकाश डावीकडे. मुलींनी त्याचं नाव ठेवलं 'गर्दन का पीरियड'. हेडमास्तर साहेब दारातून डोकावून म्हणाले, 'ये क्या वर्जिश चल रही है, मॅडम?' आम्ही म्हणालो, 'सर, दो मिनट. आप भी कीजिए.' ते काही बोलले नाहीत, पण जाताना खांदे मागे घेतल्यासारखे आम्हाला वाटले.

चाचणीचे पेपर वाटले तेव्हा त्या मुलीला जवळ बोलावलं. अर्थ तिला येत होता, लिहायचा राहिला होता. तोंडी विचारला, तिनं सांगितला, आम्ही पूर्ण गुण दिला. मग खांदे मागे घेऊन भिंतीला डोकं टेकायचं कसं, ते तिला करून दाखवलं. म्हटलं, 'अम्मी को सिखाना.'

ती म्हणाली, 'आपा, वो बोलेगी टाइम नई.'

'चार कट्टे होने के बाद,' आम्ही म्हणालो.

तिनं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.