उसनी अवजारे

आमची २००६ सालची मारुती ८०० गेल्या मार्चपासून ‘टक’ असा एकच शब्द बोलू लागली होती. नागपुरातील मोठे रस्ते आता बहुतेक सिमेंटचे झाले आहेत. ते गुळगुळीत आहेत, पण सिमेंट संपून गल्ली सुरू होते तेथे चार बोटांची एक पायरी असते आणि गाडीला प्रत्येक वेळी ती उतरावी लागते. त्या पायरीवर डावीकडच्या पुढच्या चाकाखालून हा शब्द यायचा. प्रथम मी तो ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुढे तो कानांना येण्याआधीच तळपायाला कळू लागला.

गॅरेजवाल्याने चाक उचलून वर-खाली हलवून दाखवले आणि ‘बॉल जॉइंट गेला’ एवढेच सांगितले. शाळेत आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो, तोच हा. खांद्यात आणि खुब्यात तो हाडाचा असतो, गाडीत पोलादाचा. एका वाटीत गुळगुळीत गोळा बसवलेला, गोळ्याभोवती वंगण आणि वंगण बाहेर पडू नये म्हणून वर रबराची टोपी. चाकाने खड्ड्यानुसार वर-खाली व्हायचे आणि त्याच वेळी चालकाच्या हाताप्रमाणे डावी-उजवीकडेही वळायचे, या दोन्ही गोष्टी त्या लिंबाएवढ्या सांध्यामुळे साधतात. झीज सहसा गोळ्यापासून सुरू होत नाही. आधी रबराला चीर पडते, त्या चिरेतून पावसाचे पाणी आणि धूळ आत जाते, वंगणाची माती होते आणि मग पोलाद पोलादाला खाऊ लागते. आवाज येतो तो या सगळ्याच्या अगदी शेवटी. तरीही दुर्लक्ष केले, तर एखाद्या दिवशी गोळा वाटीतून निसटतो आणि धावत्या गाडीचे चाक पाय मुरगळल्यासारखे आडवे पडते.

हे मला ज्या महिन्यात कळले, त्याच महिन्यात आईला आठवड्यातून दोनदा व्यायामोपचारासाठी धंतोलीला न्यावे लागत होते. घरात घसरून तिचा खुबा मोडला होता आणि शस्त्रक्रिया करून त्यात नवा गोळा बसवला होता. दवाखान्याचे देणे नुकतेच फिटले होते, त्यामुळे गॅरेजने सांगितलेली रक्कम त्या महिन्याच्या हिशेबात बसत नव्हती. आईला रिक्षातून नेऊन पाहिले, पण प्रत्येक गतिरोधकावर ती डोळे मिटून घेई. गाडी हवी होती आणि ती पडणार नाही याची खात्रीही हवी होती. सुटा भाग घाट रोडच्या एका दुकानात परवडेल अशा किमतीत मिळत होता. माझ्याकडे अवजारे तेवढी नव्हती.

अवजारे होती शेजारच्या काकांकडे. काका हिंगण्याच्या एस.टी. कार्यशाळेतून निवृत्त झालेले. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन आहेत : दापोडी, चिकलठाणा आणि आमचे हिंगणा. तेथे बसच्या नुसत्या सांगाड्यावर सबंध बस उभी राहते. काकांचे आयुष्य चाकांच्या आणि पाट्यांच्या कामात गेले. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली एक पत्र्याची पेटी तेवढी घरी राहिली. ती उघडली की तेलाचा जुना, थंड वास येई. प्रत्येक पान्याची जागा ठरलेली, प्रत्येकावर खिळ्याने कोरलेले त्यांचे आद्याक्षर.

ही पेटी मागायला मी तीन दिवस घेतले. साखर उसनी मागणे सोपे, कारण वाटीभर घेतली तर वाटीभर परत करता येते. अवजाराचे तसे नसते. ते जसेच्या तसे परत जात नाही; आपल्या हाताची थोडी झीज त्याच्यावर ठेवूनच परत जाते. पूर्वीच्या खेड्यात हा प्रश्न बहुधा आलाच नसावा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले आहे, तीत कुणबी सुताराकडे किंवा लोहाराकडे जाई तो काम करून घेण्यासाठी. वाकस आणि भाता ज्याचे त्याच्याकडेच राहत. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, तिचा मोह धरावा असे मुळीच नाही. पण उसन्या हत्याराने परक्याचे काम करू पाहणारा माझ्यासारखा माणूस मात्र आजच्या शहराने घडवला आहे.

“घेऊन जा,” काका म्हणाले. “पण मी खुर्ची टाकून बसीन. आमच्या बसला किंग पिन असते, हे तुमचं नाजूक प्रकरण आहे. आणि ऐक, पान्याला पाइप लावायचा नाही.”

मे महिन्यातला रविवार. नागपूरच्या उन्हाळ्यात असले काम सकाळी नऊच्या आत संपवावे लागते, कारण त्यानंतर उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही. सहा वाजता मी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा भाग जॅकने उचलला आणि खाली विटा रचू लागलो. काकांनी खुर्चीतूनच हात वर केला. वीट वजन सोसते, पण तडकते तेव्हा आधी सांगत नाही. त्यांनी घरातून लोखंडी घोडी आणवली, गाडी तिच्यावर टेकवली आणि दोन्ही हातांनी हलवून पाहायला लावली. तोवर मला गाडीखाली हात घालू दिला नाही.

आमच्या गाडीत हा सांधा एकटा बदलता येत नाही. तो ज्या आडव्या दांड्याच्या टोकाला असतो, तो लोअर आर्म सबंध बदलावा लागतो. सांध्याचा खुंट चाकामागच्या ओतीव भागात बसतो आणि एक आडवा बोल्ट त्याला आवळून धरतो. मी तो बोल्ट दोन आटे सैल केला आणि दांड्यावर हातोडा चालवू लागलो. सांधा हलेना. अर्ध्या तासाने माझा सदरा पाठीला चिकटला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “काय करून राहिला बे? त्या खुंटाला खाच आहे. बोल्ट त्या खाचेतून जाते. पूर्ण बाहेर काढ तिला, मग ठोक.”

बोल्ट गंजलेला होता. काका औषध घ्यायला आत गेले आणि त्या दहा मिनिटांत मी नेमके नको ते केले. कोपऱ्यात नळाच्या पाइपचा तुकडा पडला होता, तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि सारे अंग टाकले. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. बोल्ट सुटला असे वाटले, पण सुटला नव्हता. चौदा नंबरची गोटी उभी चिरली होती.

काका बाहेर आले तेव्हा गोटी माझ्या तळहातावर होती. लपवण्याचा विचार मनात येऊन गेला, हे येथे कबूल करतो. त्यांनी ती घेतली, उजेडात फिरवून पाहिली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी रॉकेलची बाटली मागवली, बोल्टवर थेंब थेंब सोडले आणि म्हणाले, “चहा पिऊ.” चहा झाला. मग रिंग पान्याने, हलक्या हिसक्याने, तोच बोल्ट करकरत फिरला.

जुना सांधा हातात आला तेव्हा त्याचा गोळा वाटीत नुसता डुलत होता. आईच्या क्ष-किरण चित्रावर डॉक्टरांनी बोट ठेवले होते तो क्षण मला आठवला. पण तिचे हाड मोडले होते, हा झिजला होता, आणि दोष माझ्या आळसाचा होता.

नवा आर्म बसवायला जुना काढण्याच्या निम्मा वेळही लागला नाही. स्टॅबिलायझर बारच्या नटाची जुनी स्प्लिट पिन मी सरळ करून पुन्हा घालू लागलो, तर काकांनी ती काढून फेकून दिली. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नसते. आतल्या टोकाचा सतरा नंबरचा बोल्टही त्यांनी पुरता आवळू दिला नाही. चाक लावून, गाडी जमिनीवर उतरवून, तिचे वजन तिच्या पायांवर आल्यानंतरच तो शेवटचा आवळायचा. अधांतरी आवळला तर आतले रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. हे मला एरवी कोणी सांगितले नसते.

गाडी सुरू केली. घरातले सगळे अंगणात उभे होते, पण कोणीच दार उघडेना. मीच केलेले काम, त्यामुळे त्यांना दोषही देता येईना. काका काठी टेकत आले आणि शेजारच्या आसनावर बसले. आम्ही सक्करदरा चौकापर्यंत गेलो आणि परतलो. जाताना-येताना ती सिमेंटची पायरी उतरलो. काकांनी पूर्ण वेळ खिडकीबाहेर कान दिला होता. घरी आल्यावर ते फक्त म्हणाले, “उद्या अलाइनमेंट करून घे, मग आईला बसव.” मंगळवारी आई बसली. काम कोणी केले ते तिला ठाऊक होते. धंतोली येईपर्यंत तिने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती, पण डोळे मिटले नव्हते.

चौदा नंबरची नवी गोटी घेऊन मी पेटी परत द्यायला गेलो. काकांनी माझ्यासमोर एकेक पाना मोजून जागच्या जागी ठेवला. नव्या गोटीवर खिळ्याने आपले अक्षर कोरायला ते बसले, पण हात थरथरत होता, म्हणून खिळा माझ्याकडे दिला. मी कोरलेले अक्षर थोडे तिरके आले. ते चालेल म्हणाले.

उजव्या चाकाची रबरी टोपीही चिरू लागली आहे. काकांच्या मते दिवाळीपर्यंत हरकत नाही.