ढगातल्या खोलीत दोन रात्री

कल्याणहून कर्जत लोकल पकडली की साधारण पाऊण तासात नेरळ येते. एवढ्या वाटेत अम्मीने एकच प्रश्न तीनदा विचारला, "पाऊस थांबेल ना, बेटा?" जुलैचा दुसरा आठवडा होता. पाऊस थांबणार नव्हता, आणि आम्ही पावसासाठीच माथेरानला निघालो होतो.

अम्मीच्या भीतीला कारण आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कल्याणमध्ये वालधुनीकाठच्या आमच्या घरातही पाणी शिरले. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे रात्र काढली. सकाळी खाली आलो तर अब्बांचे जुने फोटो आणि निकाहनाम्याचा कागद यांचा लगदा झाला होता. अब्बांचा इंतकाल त्याआधी दोनच वर्षे झाला होता. तेव्हापासून मोठी सर आली की अम्मी रात्रभर उंबरठ्याकडे पाहत बसते. मुलीने हट्ट धरला, "नानींना एकदा चांगला पाऊस दाखवू या." म्हणून हा बेत.

पावसाळ्यात नेरळपासूनची छोटी गाडी बंद असते. टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. पुढे खासगी मोटारींना बंदी आहे. तेथून जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मात्र पावसातही गाडी मिळते. डब्यात मुलीला सांगितले की ही रेल्वे मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी बांधली. काम १९०४ मध्ये सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली, खर्च सोळा लाख. एका बोहरा कुटुंबाचे हे काम आमच्या शाळेतल्या मुलांनाही मी आवर्जून सांगते.

आमची खोली लाकडी, खांबांवर उभारलेली, जांभळाच्या दोन झाडांच्या मधोमध होती. दहा-बारा पायऱ्या चढून वर जायचे. खिडकी उघडली की फांदी हाताला लागायची. थोड्या वेळात ढग आत आला आणि समोरचे झाडही दिसेनासे झाले. मुसल्ला ओलसर झाला, कपडे वाळेनात, मुलीच्या चष्म्यावर वाफ धरली. अम्मी पलंगावर पाय वर घेऊन बसली.

रात्री तिने विचारले, "एवढा पडतोय, मग आवाज का येत नाही?" छपरावर आवाज होता, पण कल्याणच्या पत्र्यांवर होतो तसा नव्हता. सकाळी फजरनंतर तिला छत्रीखाली घेऊन फिरवले. पाऊस आधी पानांवर पडत होता, पानांवरून फांदीवर, फांदीवरच्या शेवाळात आणि मग खोडावरून हळूहळू खाली. पालापाचोळा आणि लाल माती ते पाणी पिऊन घेत होती. कोस्टा रिकातल्या माँटेव्हर्दे येथे वर्षातला बराच काळ असे ढगातले जंगल असते. तिथली झाडे धुक्यातूनही पाणी गाळून घेतात. आपल्याकडे हे दृश्य पावसाळ्याच्या चार महिन्यांचे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवरचे हे माथ्यावरचे रान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून राखलेले आहे.

इथले पूर्वेकडचे ओढे नेरळच्या बाजूला उतरून उल्हास नदीला मिळतात. तीच उल्हास पुढे बदलापूरवरून कल्याणला येते, आणि मोहिलीला तिचे पाणी उचलून आपल्या नळांना दिले जाते. हे सांगितल्यावर अम्मी थांबली. म्हणाली, "म्हणजे मी रोज वुजू करते ते हेच पाणी?" मग लगेच पुढचा प्रश्न, "जंगल जर एवढे पाणी धरते, तर त्या दिवशी का नाही धरले?"

मी शिक्षिका आहे, पण याचे सोपे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या पावसात या डोंगरावरची रेल्वेसुद्धा वाहून गेली होती. ती २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. एवढा पाऊस कोणतेच जंगल धरू शकत नाही. पण खाली आपण काय केले तेही आठवले. वालधुनीच्या पात्रात भराव पडले, काठावर घरे वाढली. त्यात आमचेही एक होते. नाल्यात प्लास्टिक गेले. पुढे खाडीला भरती असली की पाण्याने जायचे कुठे? अम्मीने ऐकून घेतले. "दोष पावसाचा एकट्याचा नव्हता म्हणायचा," एवढेच बोलली. दुसऱ्या रात्री ती उंबरठ्याकडे न पाहता झोपली.

वाचक भगिनींनो, जायचे असेल तर शनिवार-रविवार टाळा. घसरणार नाहीत असे बूट, जादा कपडे आणि वयस्कांची औषधे प्लास्टिकच्या पिशवीत न्या, आणि ती पिशवी तिथे न टाकता परत आणा. कड्यांच्या टोकांवर, ज्यांना तिथे पॉइंट म्हणतात, ढग असताना मुलांचा हात सोडू नका.

घरी परतल्यावर आठवड्याने रात्री जोराची सर आली. अम्मी उठली, रेशनकार्ड आणि नवा करून घेतलेला निकाहनामा माळ्यावर ठेवला. मग खिडकी थोडी उघडी ठेवून झोपायला गेली.