डेन्मार्क स्ट्रीट ते डार्टफर्ड

विलायतेहून परत आलेल्या मनुष्यास भेटावयास येणारे लोक एकाच क्रमानें प्रश्न विचारतात. टॉवर पाहिला काय, म्युझियम पाहिलें काय, आणि तिकडील थंडी कशी सोसली! मीं हीं सर्व स्थळें पाहिलीं व थंडीही सोसली; पण त्यांचीं वर्णनें पूर्वींच्या प्रवाशांनीं इतकीं सविस्तर लिहून ठेविलीं आहेत कीं, त्यांत भर घालण्याची मला हिंमत होत नाहीं. मी येथें लंडनमधील एका आंखूड रस्त्याविषयीं व शहराच्या पूर्वेस असलेल्या एका गांवाविषयीं सांगणार आहें. दोन्ही ठिकाणीं मला जावें लागलें तें एका पेटीमुळें.

ही पेटी म्हणजे माझ्या पुतण्याचा गिटारचा अँप्लिफायर. ज्यांच्या घरीं हें वाद्य नाहीं त्यांच्यासाठीं एवढें सांगतों कीं, विजेच्या गिटारीस स्वतःचा असा आवाज फारच थोडा असतो. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कांपली कीं वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि पेटींतील व्हॉल्व तो वाढवून कर्ण्यास देतात. म्हणजे अर्धें वाद्य मांडीवर व अर्धें जमिनीवर. पुतण्याचें जमिनीवरील अर्धें 'व्हॉक्स एसी ३०' या जातीचें, १९६४ सालचें, आणि वजनानें तीस किलोंहून जड होतें. वर नेणें त्याच्या पाठीस झेपेना म्हणून तें जिन्याखालीं पडून असे. घर तिकडच्या पद्धतीप्रमाणें ओळींतलें. शेजाऱ्याची व याची भिंत एकच. त्यांत घरीं आठ महिन्यांचें बाळ. आवाजाची खुंटी पाव फिरली न फिरली तोंच पलीकडून भिंतीवर थाप पडे आणि अलीकडे बाळ जागें होई.

"मग ही देऊन एखादी लहान पेटी घे," असें म्हणून मी मोकळा झालों.

"काका, दोन वर्षें झालीं, तेंच तर ठरत नाहीं," तो म्हणाला.

न ठरण्याचें कारण असें कीं, ती पेटी त्यानें विकत घेतलेली नव्हती. शिकावयास गेला तेव्हां तो डार्टफर्ड गांवीं एका वृद्ध जोडप्याच्या घरीं भाड्यानें राहत असे. त्या गृहस्थांनीं तरुणपणीं शनिवारच्या नाचाच्या दिवाणखान्यांतून गिटार वाजविली होती. परमुलखांतील एकट्या मुलास त्यांनीं संध्याकाळीं जवळ बसवून शिकविलें, आणि ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनें ती पेटी याच्या हवालीं केली. सूनबाईंस हें सर्व ठाऊक असल्यामुळें त्या स्पष्ट कांहीं बोलत नसत. पण केरसुणी घेऊन जिन्याखालीं वांकल्या कीं त्यांचा सुस्कारा मला बैठकींत ऐकूं येई.

एका शनिवारीं आम्ही टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनावर उतरलों. २०२२ सालीं एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून येथें गर्दीचा पूर लोटलेला असतो. बाहेर कांचेच्या उंच इमारती. त्यांच्या पाठीशीं वळलें कीं डेन्मार्क स्ट्रीट. दोन मिनिटांत संपणारा रस्ता! ॲन राणीचा नवरा डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज, त्याच्यावरून हें नांव पडलें. सतराव्या शतकांतील कांहीं घरें अद्यापि उभीं आहेत. रस्त्याच्या टोकाशीं सेंट जाइल्सचें देऊळ आहे. त्या जागीं मटिल्डा राणीनें ११०१ सालीं महारोग्यांसाठीं धर्मशाळा स्थापिली होती. हल्लींची इमारत १७३४ मधली. शहराबाहेर, वस्तीपासून दूर म्हणून जी जागा तेव्हां निवडली, तिच्याभोंवतीं आज पाय ठेवावयास जागा नाहीं.

१९११ सालीं लॉरेन्स राइट नांवाचा संगीतप्रकाशक येथें आला. त्या काळीं नवें गाणें म्हणजे छापलेला कागद. तो विकत घेऊन घरच्या पियानोवर वाजवावयाचा. पाठोपाठ दुसरे प्रकाशक आले, आणि १९२६ सालीं राइटनेंच 'मेलडी मेकर' हें मासिक येथून काढलें. पुढें कागद मागें पडला व ध्वनिमुद्रिका आली. चार नंबरच्या घरांत अंड्यांच्या पुठ्ठ्यांनीं मढविलेल्या एका लहानशा खोलींत रोलिंग स्टोन्स या मंडळींनीं १९६४ मध्यें आपली पहिली मोठी तबकडी मुद्रित केली. अंड्यांच्या पुठ्ठ्यांचा हा उपयोग ऐकून आमच्या घरच्या वडील मंडळींनीं काय म्हटलें असतें, तें वाचकांनींच ताडावें.

आतां दुतर्फा गिटारींचीं दुकानें आहेत. एका दुकानांत पुतण्याच्या पेटीची जुळी बहीण, आणि तिच्या शेजारीं 'एसी १५' ही धाकटी, अशा दोन्ही मांडलेल्या होत्या. मोठींत बारा इंची कर्णे दोन, धाकटींत एक. मोठींत शेवटचे व्हॉल्व चार, धाकटींत दोन. मोठी तीस वॅटची, धाकटी पंधरा. मीं लगेच हिशेब केला कीं आवाज निम्मा होणार. दुकानदार हंसला, आणि मला दाराशीं पाठ करून उभें राहावयास सांगितलें. पुतण्यानें एकच चीज आळीपाळीनें दोन्ही पेट्यांवर वाजविली. कोणती मोठी हें मला तीन वेळांपैकीं दोन वेळां चुकलें! कान वॅट मोजीत नाहीं. शक्ति दुप्पट केली तर फरक अवघा तीन डेसिबेलचा पडतो, व तो जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झालासा वाटावयास शक्ति सुमारें दसपट करावी लागते. शिवाय हे व्हॉल्व ताणल्यावांचून खुलत नाहींत. खुंटी वर गेली म्हणजे त्यांच्या स्वरास जी किंचित् खर येते तिच्यासाठींच या जुन्या पेट्या लोक शोधीत असतात. मोठी पेटी लहान घरांत त्या जागेपर्यंत पोंचतच नाहीं. जिन्याखालच्या पेटीचा खरा आवाज सूनबाईंनीं लग्नापासून एकदांही ऐकलेला नव्हता, हें मला तेव्हां कळलें.

मग या पेट्या एवढ्या मोठ्या कां झाल्या? त्याची कथा आपल्या लखनौपर्यंत येऊन पोंचते. डार्टफर्डच्या टॉम जेनिंग्जनें डिक डेनी या कारागिराच्या हातून १९५८ मध्यें पंधरा वॅटची पेटी बाजारांत आणली. क्लिफ रिचर्ड हा गायक—जन्म लखनौचा, १९४० सालचा—तेव्हां इतका लोकप्रिय होता कीं, तरुण मुलींच्या किंकाळ्यांत त्याच्या साथीदारांच्या गिटारी बुडून जात. त्यांना मोठी पेटी हवी झाली व तीस वॅटची जन्मास आली. पुढें बीटल्सच्या वेळीं किंकाळ्या वाढल्या, तेव्हां शंभर वॅटची झाली. तरी १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजार लोकांपुढें त्यांना स्वतःचें वाजविलेलें धड ऐकूं येईना. आतां लहान पेटीसमोर मायक्रोफोन ठेवतात आणि सभागृहाचे कर्णे बाकीचें काम करितात. १९३२ सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळांत पुतण्या भावगीतांना साथ करितो तीही तशीच. थोडक्यांत, ज्या आरडाओरड्यासाठीं ती पेटी वाढली तो आरडाओरडा केव्हांच थांबला होता.

दुकानदारानें जुनी पेटी घेऊन धाकटी व वर बऱ्यापैकीं रक्कम देऊं केली. मला सौदा उघड फायद्याचा दिसला. पुतण्या मात्र "कळवितों" म्हणून बाहेर पडला.

परत येतांना मी त्याला हट्टी म्हणणार होतों. पण मला आमचा तंबोरा आठवला. सदाशिव पेठेंतील वाड्यांत वडिलांचा मिरजेचा तंबोरा होता. पंढरपूरकडच्या भोपळ्याचा, पुरुषी पट्टीचा, खुंटीला टांगला तर खालून मूल जाईल एवढा. १९८७ सालीं वाडा पाडला व आम्ही तीन खोल्यांत आलों. तंबोरा एका गायनवर्गास द्यावा असें मींच सुचविलें. वडील "बरें" म्हणाले. कांहीं वर्षांनीं मीं त्यांना विजेवर चालणारी तंबोऱ्याची डबी आणून दिली. ती सुरांत बोले, जागा अडवीत नसे, आणि वडील रोज पहाटे ती लावीत. त्यांनीं कधीं तक्रार केली नाहीं. मीं त्यांना विचारलें मात्र नव्हतें, कळविलें होतें.

"त्या बाईंना विचारलेंस का?" मीं म्हटलें.

पुढच्या रविवारीं आम्ही डार्टफर्डला गेलों. डॅरेंट नदीकांठचें हें जुनें गांव. स्टेशनावर एक पाटी आहे. १९६१ सालीं मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स हे रोलिंग स्टोन्सचे पुढारी येथें फलाटावर भेटले म्हणून २०१५ मध्यें ती लावली. पेटीचेंही माहेर हेंच. पण तो जुना व्यवहार केव्हांच मोडला. १९९२ पासून व्हॉक्स हें नांव जपानच्या कोर्ग कंपनीकडे आहे.

बाईंचें वय पंच्याऐंशीच्या पुढें असावें. चहा ओतून झाल्यावर पुतण्यानें चांचरत विषय काढला. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हांला ठाऊक आहे का, ह्यांनीं ती हप्त्यांनीं घेतली आणि बहिणीच्या बाबागाडींतून घरीं आणली! आमच्या मुलाच्या जन्माच्या वेळीं ह्यांनाही ती देऊन धाकटी घ्यावयाची होती. मीं घेऊं दिली नाहीं. मीं ह्यांना पहिल्यानें पाहिलें तें त्या पेटीपुढें उभे असतांना. माझ्या हट्टापायीं जन्मभर ह्यांची पाठ दुखली." मग पुतण्याला म्हणाल्या, "तुझ्या पाठीवर मी आणखी ओझें घालणार नाहीं. ज्याला ती मोठ्यानें वाजवितां येईल त्याच्याकडे जाऊं दे. तिची खोळ मात्र मला आणून दे."

ती खोळ काळ्या मेणकापडाची होती, आणि तिच्यावर त्या गृहस्थांचें नांव पांढऱ्या रंगानें हातानें लिहिलेलें होतें. खोळीवांचून पेटी आणली म्हणून दुकानदारानें रकमेंतून थोडें कापून घेतलें. धाकटी पेटी आम्ही आगगाडींत दोघांमध्यें ठेवून आणली. सूनबाईंनीं ती एका दमांत माडीवर नेली. जेवणें झाल्यावर पुतण्यानें खुंटी अर्ध्याहून पुढें नेली, व पाव तासच वाजविलें. सूनबाई दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. भिंतीवर थाप पडली ती शेवटीं शेवटीं, आणि बाळ रडलें ही गोष्टही मी लपवीत नाहीं.

सोमवारीं खोळ टपालानें पाठवावी असें आधीं ठरलें होतें. पण पुतण्यानें अर्ध्या दिवसाची रजा काढली व ती स्वतः डार्टफर्डला नेऊन दिली.