मधले नाव

नारायण सुर्वे शिकवायला घेतले की पहिला तास बहुधा कवितेचा होत नाही, चरित्राचा होतो. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल, गिरणीतली कष्टाची वर्षे, मग कवी, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पद्मश्री. उत्तरपत्रिकांतूनही हीच शिडी आम्हांला पायरीपायरीने वाचायला मिळते. तीत खोटे काहीच नाही. तरीही ती वाचताना काहीतरी निसटले आहे असे वाटत राहते. बेघरपण ही जणू तळाची पायरी होती. कवीने तिच्यावर पाय ठेवला, वर चढला आणि ती मागे राहिली, असा त्या उत्तरांचा सूर असतो. सुर्व्यांच्या कवितेचा सूर तसा नाही.

तपशील पुन्हा एकदा नीट पाहू. १५ ऑक्टोबर १९२६ ही त्यांची जन्मतारीख म्हणून दिली जाते. रस्त्यावर सापडलेल्या मुलाची जन्मतारीखही दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते, हे येथे ध्यानात घ्यावे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते मूल उचलून घरी नेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी त्याला वाढवले, आडनाव दिले, चौथीपर्यंत शिकवले. काशीबाईही गिरणीत राबणाऱ्याच. पुढे १९३६च्या सुमारास गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात गावी परतले. निघताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले, असे सांगितले जाते. मुंबईत मूल पुन्हा एकटे पडले. म्हणजे हे बेघरपण एकदाचे नव्हे, दोनदाचे. पहिले त्याला आठवणे शक्य नव्हते. दुसरे विसरणे शक्य नव्हते. यानंतर घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, हमाल, गिरणी कामगार अशी कामे करीत तो वाढला. कामगार चळवळीत आणि कम्युनिस्ट पक्षात वावरला. महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि पुढे सातवीची परीक्षा देऊन शिक्षक झाला.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सोडून जाणाऱ्या गंगारामांवर कोणी कठोर शेरा मारू शकेल. आमचे काही विद्यार्थी मारतातही. गिरणीतली नोकरी संपली की कोकणातल्या कामगाराला मुंबईत राहणे परवडत नसे, हे त्यांना समजावून सांगावे लागते. गावी परतणे ही त्या वर्गाची रीतच होती. स्वतः सुर्व्यांनी मात्र गंगारामांचे नाव आयुष्यभर आपल्या नावात मिरवले. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर जो चित्रपट केला, त्याचे शीर्षकच ‘नारायण गंगाराम सुर्वे’ असे आहे. २००२ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कथेतर चित्रपट ठरला. शीर्षकातले ते मधले पद आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. महाराष्ट्रात मधले नाव सहसा जन्माने मिळते, म्हणून त्याची किंमत कळत नाही. येथे ते एका माणसाने, कोणी मागितले नसताना, दिलेले आहे. सुर्व्यांचे पहिले घर कोणते, असे विचारले तर चाळीतल्या खोलीकडे बोट दाखवता येईल. पण ती खोली सुटली. हे नाव सुटले नाही.

हा धागा हाती धरून त्यांची एक कविता पाहावी. वेश्यावस्तीतली एक बाई पोराचे नाव घालायला शाळेत येते. बापाच्या नावाचा रकाना आला, की ती मास्तरांना तेथे त्यांचेच नाव लिहायला सांगते. ही कविता सामाजिक वास्तवाचे उदाहरण म्हणून शिकवली जाते आणि ते योग्यही आहे. पण त्या टेबलामागे बसलेला मास्तर कोण आहे? ज्याच्या स्वतःच्या रकान्यात कधीकाळी एका परक्या माणसाने आपले नाव घातले, तो. गंगारामांनी जे केले, तेच आता त्याच्याकडे मागितले जात आहे. बेघरपण मागे पडले असते तर ही कविता त्या बाईबद्दल कणव दाखवून थांबली असती. येथे ती बाई मास्तरांकडे कणव मागत नाही, नाव मागते; आणि त्या मागणीचे वजन ओळखू शकणारा माणूस समोर बसला आहे.

‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), ‘जाहीरनामा’ (१९७५) आणि ‘नव्या माणसाचे आगमन’ (१९९५) या संग्रहांत माणसे नावानिशी येतात, याचेही मूळ आम्हांला येथेच दिसते. परभणीच्या संमेलनाचे अध्यक्षपद (१९९५), पद्मश्री (१९९८) हे सारे पुढचे. सुर्वे २०१० साली गेले. त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू वाचायची तर कृष्णाबाई सुर्वे यांचे ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन हाती घ्यावे. लेखकाचे ‘घर झाले’ हे वाक्य आपण सहज लिहितो. ते घर रोज कोणाच्या हातांनी उभे राहिले, याचा हिशेब अशा पुस्तकांतूनच मिळतो. शिडीच्या गोष्टीत ना गंगाराम मावतात, ना काशीबाई, ना कृष्णाबाई. तीत एकच माणूस चढत असतो.

आम्ही हे बिरसीत बसून लिहितो आहोत, ही गोष्टही या वाचनाबाहेरची नाही. गोंदियाजवळच्या या गावात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. तिचाच विस्तार होऊन आजचा विमानतळ उभा राहिला आणि २०२२ साली येथून प्रवासी विमान उडाले. विस्तारात ज्यांची घरे आणि शेते गेली, त्यांच्या पुनर्वसनाची मागणी मात्र वर्षानुवर्षे चालत राहिली. आमच्या धानपट्ट्यातल्या मुलांना गिरणीचा भोंगा किंवा साचा म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागते. घर जाणे म्हणजे काय, हे समजावावे लागत नाही. फरक आहे तो असा की सुर्व्यांपाशी कागदच नव्हता. इथल्या माणसांपाशी कागद आहेत: सातबारा, नोटिसा, याद्या. त्यांत प्रत्येकाचे नाव तीनही पदांसह अचूक लिहिलेले असते.

एका वर्गात या कवितेवर बोलणे चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, यादीत नाव असणं आणि कोणी आपल्याला नाव देणं, हे सारखंच का?” आम्ही प्रश्न वर्गापुढे ठेवला. कोणी म्हणाले, यादीतले नाव मोजण्यासाठी असते. कोणी म्हणाले, नाव देणारा माणूस पुढची जबाबदारीही घेतो. निदान काही वर्षे तरी. या ‘काही वर्षे’वर पुन्हा वाद झाला आणि गंगारामांचे ते दहा रुपये पुन्हा चर्चेत आले. तास संपला तेव्हा त्या दिवसासाठी नेमलेल्या दोन कविता वाचायच्या राहून गेल्या होत्या. त्या आम्ही पुढच्या तासाला वाचल्या. या वेळी चरित्र सांगण्याची गरज पडली नाही.