अडीचशे रुपयांत सहा भेटी

आम्ही फ्रीलान्सर मंडळी दोन गोष्टींना जाम टरकतो. रखडलेलं पेमेंट आणि हॉस्पिटलचं बिल. तुमच्यासारखं ऑफिसचं मेडिक्लेम कार्ड आमच्या पाकिटात नसतं ना! त्यामुळे गेल्या वर्षी ताईचं बाळ जेमतेम २ किलो १०० ग्रॅमचं जन्मलं, तेव्हा सगळ्यांचीच हवा टाइट. पुण्यातलं चकाचक हॉस्पिटल, काचेपलीकडे मशिन्सची टिकटिक आणि इकडे आई देव पाण्यात घालून बसलेली.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "आता मशिन नको. छातीशी उबेत धरा, आईचंच दूध द्या आणि श्वास मोजत राहा. मिनिटाला साठ झाले की लगेच घेऊन या."

बस्स, एवढंच? पत्रकारितेचा किडा वळवळला. वाचत सुटले ती थेट गडचिरोलीला पोचले! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत नेमकं हेच केलं होतं. हॉस्पिटल लांब, डॉक्टर मिळणं मुश्कील. मग गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. वजन करा, ताप बघा, श्वास मोजा, जंतुसंसर्ग वाटला तर अँटिबायोटिक द्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी!

२०११मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन बाळ तपासण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे सोपवलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत ६ भेटी. तेव्हा ठरलेला मोबदला २५० रुपये. एका भेटीचे नाही हं, सगळ्या मिळून! आपल्या ऑफिसखालच्या कॅफेत तेवढ्यात एक कॉफी येते.

कागदोपत्री आशाताई 'स्वयंसेविका'. बाळागणिक पैसे. म्हणजे माझ्यासारखी फ्रीलान्सरच की! पण माझी डेडलाइन हुकली तर एडिटर ओरडतो. तिची हुकली तर...

शहरातल्या वस्त्यांमध्येही आशाताई असतात. तेव्हा कामवाल्या मावशी 'सुनेला बाळ झालंय' म्हणून सुट्टी मागतील, तेव्हा पेढा खाता खाता विचारा, "आशाताई येऊन गेल्या का?" उत्तर 'नाही' असेल, तर जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात एक फोन लावा. लंच ब्रेकमध्ये एवढं तर जमेल ना?