डावीकडची ओढ

आमची १९५२ सालची एमजी टीडी दोघांपुरतीच आहे. बसायला जागा दोनच, आणि त्यांतली एक सौ.ची. त्यामुळे मोटारीचा कुठलाही दोष बायकोपासून लपवायचा म्हणजे तोंडाला तोंड लावून खोटे बोलावे लागते. पोशेऱ्याच्या वाटेवर मी ते बोललो.

हिच्या शाळेतली जुनी मैत्रीण निवृत्तीनंतर पोशेऱ्याला राहायला गेली होती. तिच्या घराची वास्तुशांत होती. पाऊस नुकताच सरला होता, उतारांवर नागली पिकत आली होती. त्र्यंबक सोडले आणि मोटार डावीकडे ओढू लागली.

"अहो, ही अशी तिरकी का जातेय?"

"रस्त्याला उतार आहे त्या बाजूला," मी म्हणालो आणि चक्र किंचित उजवीकडे धरून ठेवले.

वास्तविक ब्रेकवर पाय नसतानाही मोटार ओढत होती. डावे पुढचे चाक अडकते आहे हे शेंबड्या पोरानेही सांगितले असते. पण परत फिरायचे म्हणजे 'तरी मी म्हणत होते, एस्टीने जाऊ' हे नाशिकपर्यंत ऐकायचे!

तोरंगण घाट उतरताना लायनर जळाल्याचा वास आला. आणखी काही वळणांनंतर पाय दाबला, तो थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला, तेच. भराभर पंप मारले, तेव्हा जराशी पकड लागली. दुसरा गिअर, मग पहिला, हातब्रेक, आणि शेवटी डोंगराकडच्या मातीच्या कडेला चाक घासत गाडी उभी केली. ही एक शब्दही बोलली नाही. तेच फार वाईट.

अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा घट्ट लागले. "पाहिलंस? झाली ठीक," मी म्हणालो.

"ठीक कशी होईल साहेब?" मागे थांबलेल्या जीपवाल्याने विचारले. त्याने बाटलीतले पाणी बोटांनी एकेका चाकावर शिंपडले. तीन चाके गप्प राहिली, चौथे चर्र बोलले. जॅक लावला, ते चाक हाताने फिरेना. त्याने ब्रेकचे निपल सैल केले. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरले. म्हणजे आतली स्प्रिंग किंवा पट्टा अडकलेला नव्हता, ऑइलच दाब धरून बसले होते. निपल आवळून मला पॅडल एकदा दाबून सोडायला लावले. चाक पुन्हा जाम. आता त्याने रबरी नळीच्या अलीकडची, लोखंडी पाइपची जोडणी सैल केली. तरी चाक जामच! "नळी आतून सुजली," तो म्हणाला. "पायाच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही."

मग सगळेच उलगडले. घासून घासून ड्रम तापला, त्याने ऑइल उकळले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट तीन जातीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही हमी १४० वर येते. माझे कित्येक पावसाळे बदललेले नव्हते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. आणि या जुन्या गाडीत चारही चाकांना मास्टर सिलिंडर एकच, त्यामुळे एका चाकाची वाफ चौघांना भोवते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि माझ्यासारखा मूर्ख 'झाली ठीक' म्हणतो.

पोशेऱ्याला आम्ही जीपमधून पोचलो. मोटार टेंपोत चढून नाशिकला गेली.

तिन्ही रबरी नळ्या नव्या घातल्या. जुनी चिरून पाहिली. बाहेरून तुकतुकीत, आत टाचणीही जाईना. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसे लागतात. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. ही पॅडलवर, मी गाडीखाली.

"दाब... धरून ठेव... सोड."

चौथ्या चाकाशी आलो तेव्हा वरून आवाज आला, "त्र्यंबकपासूनच ठाऊक होतं ना तुम्हांला?"

गाडीखाली खोटे बोलायला जागा फार कमी असते. "हो," मी म्हणालो.

बराच वेळ पॅडल हलले नाही. मग ती म्हणाली, "दाबू?"

हल्ली मोटार कुठेही थांबली की ही आधी उतरते, चारही चाकांजवळून हात फिरवते, आणि मगच पर्स उचलते.